विषय: चंदेरी वॅगनआर, बॉनेटचे टवके, लग्न तोंडावर. आबा, वाचा

प्रेषक: पिंटू (सध्या जळगाव)

आबा, तिकडे अमेरिकेत पिकनिकला पार्किंगमध्ये तुम्ही माईंच्या गाडीचा रंगाचा टवका जसा भरला होता ते परत नीट लिहून पाठवा ना, आपल्या ई-मेल लिस्टवरच पाठवा म्हणजे सगळ्यांकडे राहील. अण्णांच्या गाडीचे बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके उडालेत, धुळ्याहून येताना पुढे खडीचा डंपर होता, ताडपत्री नाही काही नाही. त्यातल्या एक-दोन ठिकाणी आता तांबूस दिसायला लागलंय. गॅरेजवाला म्हणतो आख्ख्या बॉनेटला रंग मारून देतो, अण्णा म्हणतात कंपनीचा रंग आहे, हात लावू देणार नाही. रंगाचा कोड सांगून टचअपची बाटली आणली, झेड२एस, सिल्की सिल्व्हर. बंपरवर खालच्या बाजूला एक ठिपका देऊन बघितला तर काळपट दिसतोय. दुकानदार म्हणतो रंग तोच आहे. इथे ४४ च्या वर चाललंय आणि पुढच्या आठवड्यात अमळनेरचं लग्न, नवरी याच गाडीतून आणायची हे अण्णांनी केव्हाच कबूल केलंय. काय करू?

पिंटू

---

प्रेषक: आबा

पिंटू, आधी बंपरचं डोक्यातून काढून टाक. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज लागत नाही, ते लग्नानंतर बघू. बॉनेटचे तांबूस झालेले तेवढे आधी घे, कारण पत्रा उघडा पडला की गंज रंगाखालून आडवा सरकतो आणि पावसाळ्यात त्याच्या कडेने पापुद्रे सुटतात.

काळपट का दिसतोय सांगतो. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमची बारीक चमकी असते, ती बाटलीच्या तळाशी जाऊन बसते. बाटली दोन-तीन मिनिटं चांगली हलव, आतली गोळी खुळखुळ वाजली पाहिजे. झाकणाला जो ब्रश येतो तो वापरू नको, फार रंग घेतो, टूथपिकच्या टोकावर थेंब घेऊन टवक्याच्या मध्यावर सोड, तो आपोआप पसरतो. एवढं करूनही समोरून थोडा गडद दिसेलच, फवाऱ्याने चमकी आडवी बसते तशी थेंबात बसत नाही. दोन हातांवरून दिसणार नाही.

गंजाचं असं कर. पेन्सिलच्या मागच्या खोडरबराला बारीक पाणी पेपरचा (ओला करून घासायचा सँडपेपर) गोल तुकडा चिकटव आणि टवक्याच्या आतच फिरव, बाहेरच्या चांगल्या रंगावर नको. पत्रा पांढरा दिसेपर्यंत. मग स्पिरिटने पूस, पॉलिश-वॅक्सचा अंश राहिला तर रंग धरत नाही. मग प्रायमरचा ठिपका, तो वाळला की रंग, पातळ थर, एकदम भरायचं नाही, वाळल्यावर दुसरा. पत्रा थंड पाहिजे. तुमच्याकडे मे महिन्यात पहाटे सहाच्या आत सावलीत उरकून घे, उन्हात वरची साय लगेच धरते आणि खालचं थिनर अडकून बुडबुडे येतात.

आबा

---

प्रेषक: बाळू

> थोडा गडद दिसेलच

आबा मान्य नाही. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दिला नाही म्हणून गडद आणि मंद दिसतं. चंदेरीवर क्लिअर पाहिजेच. मी इकडे दाराच्या ओरखड्यावर हार्डनरवाला २के (दोन घटक मिसळून घट्ट होणारा) क्लिअरचा कॅन मारला, आज कुठे होता ते दाखवता येणार नाही. पिंटू, थांब, मी पुढच्या आठवड्यात येतोय भुसावळला, कॅन घेऊन येतो.

---

प्रेषक: आबा

बाळू, विमानात रंगाचा कॅन चालत नाही, ज्वलनशील आहे, ना हातातल्या बॅगेत ना खालच्या. आणि २के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासाला घातक, त्याला योग्य मास्क लागतो, घरच्या पोर्चमध्ये अजिबात मारायचं नाही. पिंटूच्या अण्णांना दमा आहे हे तुला माहीत आहे. क्लिअर द्यायचाच तर टचअपचा छोटा क्लिअर मिळतो, तोही टूथपिकनेच, रंग पूर्ण वाळल्यावर. तेवढं म्हणणं तुझं बरोबर आहे, क्लिअरने चमक येते.

---

प्रेषक: माई

आबांनी केलेला ठिपका अजून आहे हो माझ्या गाडीवर. मिशिगनचं मीठ खाऊन दोन हिवाळे निघाले, शेजारचा दुसरा टवका मी तसाच ठेवला होता तो गंजला, हा नाही. बाळू, तू म्हणतोस तसं दिसायला सुंदर नाही पण पत्रा वाचला.

आणि पिंटू, ओरखड्यांसाठी कोणी टूथपेस्ट सांगितली तर ऐक पण मर्यादेत. नख फिरवून बघ, नख अडकलं नाही तरच ओरखडा वरच्या क्लिअरमध्ये आहे, तिथे रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) हलक्या हाताने. नख अडकलं तर घासून काही होत नाही, उलट चांगला थर पातळ होतो. नेलपॉलिशचा तर विषयच नको, उन्हात पिवळी पडते.

---

प्रेषक: सेक्रेटरी

सगळ्यांना नमस्कार. ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे हे परत एकदा सांगते, भरीत पार्टीच्या वांग्यांचं अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. इकडच्या वांग्यांना बामणोदच्या वांग्यांची चव नाही हे मान्य, पण मग कोणती घ्यायची ते सांगा. आणि बडगी, भरीत ठेचायचं लाकडी भांडं, कोणाकडे आहे?

---

प्रेषक: नाना

ताई, बडगी माझ्याकडे आहे, वांगी मी बघतो, काळजी नको. पण पिंटूचं चालू द्या. आमच्या वडिलांची गाडी रावेरला आहे, मला हे सगळं लागणार आहे.

पिंटू, एक सांगतो, अण्णा सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसतात का? सगळे पुसतात आपल्याकडे. काळ्या मातीची धूळ रात्रभर बसते आणि सकाळी ती फडक्याने घासली जाते, तेच बारीक गोल गोल ओरखडे उन्हात दिसतात. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ दे, मग ओलं मायक्रोफायबर. बोअरचं पाणी असेल तर लगेच कोरडं करायचं, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात, ते वेगळंच दुखणं. माझ्या वडिलांना हे पटायला फार वेळ लागला. कोरडं पुसणं म्हणजे गाडी जपणं अशी त्या पिढीची पक्की समजूत.

---

प्रेषक: पिंटू

आबा, सकाळी केलं. तुम्ही म्हणालात तसंच, पेन्सिल, स्पिरिट, प्रायमर, मग टूथपिक. अण्णा टॉर्च धरून बाजूला उभे होते, त्यांना बारीक सारीक सगळं बघायचं होतं. दुसऱ्या थरानंतर ठिपका थोडा फुगलाय, बाकीच्या रंगाच्या वर आलाय. २००० नंबरचा पाणी पेपर आणलाय, आज घासून सपाट करू का? आणि नवं संकट, फुलवाला म्हणतो बॉनेटवर चिकटपट्टीने गुलाबाची जाळी लावणार, चोपड्याकडे अशीच लावतात म्हणे.

---

प्रेषक: आबा

अजिबात घासायचं नाही. वरून वाळला तरी आतून कच्चा असतो, आत्ता घासलास तर आख्खा थेंब उपटून येईल. निदान आठवडाभर जाऊ दे, दहा दिवस गेले तर अजून चांगलं. लग्नात बारीक टिपका वर आलेला कोणाला दिसतोय? मग पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, बोटाने नाही, सपाट रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, फक्त उंचवटा जाईपर्यंत, आणि शेवटी कंपाउंडने चमक आण. घाई केलीस तर सगळं परत पहिल्यापासून.

चिकटपट्टी बॉनेटवर नाहीच. नवा रंग पट्टीबरोबर निघून येईल, आणि उन्हात तापलेल्या जुन्या रंगावरही तिचा गोंद राहतो. फुलवाल्याला सांग जाळी कापडी फितीने ग्रिलला आणि आरशांना बांध, आणि फुलांच्या तारांची टोकं आत वळव. तारेचे ओरखडे क्लिअरच्या खाली जातात.

---

प्रेषक: बाळू

फितीबद्दल सहमत. आमच्या काकांच्या गाडीवर लग्नात लावलेल्या पट्टीचा गोंद रॉकेलने काढला, मग रॉकेल काढायला शाम्पू. पण आबा, दहा दिवसांनी क्लिअर देऊन मगच घासायचं, आधी घासून वर क्लिअर देऊ नये, नाहीतर चमकी उघडी पडते.

---

प्रेषक: आबा

बाळू, हे बरोबर. रंग टवक्याच्या काठाच्या किंचित खाली ठेवायचा, वरचं क्लिअरने भरायचं आणि घासायचं ते क्लिअर. पिंटू, तुझा फुगलाय तर आता अजून रंग देऊ नको, तसाच राहू दे, तू निघायच्या आधी आपण फोनवर बघू.

---

प्रेषक: पिंटू

फुलवाला फितीला तयार झाला, अण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं. बाटली अर्ध्याच्या वर उरलीये, अण्णांकडे ठेवून जातो, पावसाळ्यानंतर रस्ता परत तसाच असणार. फ्रीजमध्ये ठेवू का?

---

प्रेषक: आबा

फ्रीजमध्ये नको, वाफ पेटणारी असते. झाकणाचा आटा स्पिरिटने पुसून घट्ट लाव, नाहीतर पुढच्या वेळी उघडणार नाही. भिंतीतल्या थंड कपाटात, देवघराच्या समईपासून आणि गॅसपासून लांब. बाटलीवर कोड लिहून ठेव, कागद हरवतो.