लेबलवर उगवण ८०%, आमची ७२ आली: झेड काढताना खाली काय घ्यायचं?

मावळची_एसवाय: मामाने इंद्रायणी भाताचं बियाणं आणलंय, पिशवीवर किमान उगवण ८०% लिहिलंय. पेरायच्या आधी त्याने ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले, ७२ उगवले. सध्या कॉलेजला प्रपोर्शन टेस्ट (नमुन्यातली टक्केवारी दाव्याशी जुळते का ते तपासणं) चालू आहे म्हणून मी करून बघितली तर झेडच्या (फरक भागिले नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार) छेदात ०.८ घातलं की तो −२.०० येतो आणि ०.७२ घातलं की −१.७८, म्हणजे ५% लेव्हलला टू-टेल्डमध्ये (कमी-जास्त दोन्ही बाजू धरून) एकदा लेबलचा दावा रिजेक्ट, एकदा नाही. बरोबर कुठलं??

कोथरूडकर_स्टॅट: ०.८ च घे. टेस्टमध्ये आपण घटकाभर लेबल खरं धरतो ना, मग खरोखर ८०% बियाणं असताना शंभर दाण्यांत किती मागेपुढे होईल तेही ८० वरूनच निघणार, ०.८ गुणिले ०.२ भागिले १०० चं वर्गमूळ ०.०४. प्रपोर्शनमध्ये एसडी (आकड्यांचा पसारा) वेगळा नसतोच, तो प्रपोर्शनमधूनच येतो, इथेच सगळे अडकतात. ०.७२ लागतं कॉन्फिडन्स इंटरव्हलला (खरी उगवण कुठल्या पट्ट्यात असेल त्याचा अंदाज), तो ६३ ते ८१% येतो.
आणि टू-टेल्ड का घेतलीस? "किमान" लिहिलंय, मामाला कमी उगवण्याचीच काळजी आहे. लेफ्ट टेल (फक्त कमीची बाजू) घे, पी-व्हॅल्यू ०.०२३. फक्त याचा अर्थ लेबल खरं असण्याची शक्यता २.३% असा लिहू नकोस प्लीज, लेबल खरं असतं तर ७२ किंवा त्याहून कमी येण्याची ती शक्यता आहे.

मावळची_एसवाय: टेल आकडे बघून बदलली असं नाही का होणार?

कोथरूडकर_स्टॅट: आकड्यांकडे बघून बदललीस तर चूकच. पण प्रश्न आधीपासून तोच होता, लेबलवरच छापलेला.

शेतकी_शिवाजीनगर: एक्झॅक्ट बायनॉमियलने (झेडच्या अंदाजाऐवजी शक्यता थेट मोजून) पी ०.०३४ येतो, निर्णय तोच, रिजेक्ट. पण माझी शंका गोणपाटाची आहे. एकाच गुंडाळीत पाणी जास्त झालं की शेजारशेजारचे दाणे एकदम कुजतात, मग शंभर दाणे स्वतंत्र राहत नाहीत आणि फॉर्म्युला तर तेच धरून चाललाय. लॅबमध्येसुद्धा ४०० दाणे घेतात, शंभरचे चार भाग करून. मामांना सांग पिशवीत वर-मधे-खाली हात घालून दाणे काढा, चार गुंडाळ्या करा, एकीतच कमी आले तर दोष गुंडाळीचा. चारही मिळून ७२% च आले तर झेड −४ होतो, मग दुकानदाराशी बोला. पेरणी थांबवता येत नसेल तर रोपवाटिकेत बी थोडं जास्त टाका.

मावळची_एसवाय: मामाला फोन केला, आज रात्री दाणे भिजवतोय. चारही गुंडाळ्यांचे आकडे इथेच टाकते.