लायसिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट चुकतोय

प्रश्न: लायसिन या अमिनो आम्लाचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो) काढायचाय. पीकेए (ज्या पीएचच्या आसपास एखादा गट प्रोटॉन सोडतो तो आकडा) २.१८, ८.९५, १०.५३. सरासरी ७.२२ येते, उत्तर मात्र ९.७४ दिलंय. कसं काय?

उत्तर १: तिन्हींची सरासरी घ्यायचीच नाही. पीएच १ पासून एकूण भार लिहीत वर चला: आधी +२, २.१८ ओलांडलं की +१, ८.९५ नंतर ०, १०.५३ नंतर −१. शून्य ज्या दोन पीकेएंमध्ये सापडतो, त्यांचीच सरासरी.

उत्तर २: घोळ बहुतेकदा भार मांडतानाच होतो. प्रोटॉन गेला की कार्बॉक्सिल ० चा −१ होतो, अमिनो गट मात्र +१ चा ०. अ‍ॅस्पार्टिक आम्लात दोन कार्बॉक्सिल गट आधी प्रोटॉन सोडतात, भार +१, ०, −१ असा जातो, म्हणून १.८८ आणि ३.६५ घ्यायचे, सरासरी २.७७.

प्रश्नकर्ता: मग हिस्टिडिनला ६.०० आणि ९.१७, म्हणजे ७.५९?

उत्तर १: बरोबर.