राउंडर्समध्ये फटका शिकवताना हातात बॅट द्यायची की रॅकेट?

मैदानवाली:
मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ एका माध्यमिक शाळेत पी.ई., म्हणजे शारीरिक शिक्षण, शिकवते. उन्हाळी सत्र लागलं की ईयर ७ आणि ८ ला, म्हणजे अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना, राउंडर्स. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार पोस्ट म्हणजे खांब, मैदानात जास्तीत जास्त नऊ जणी, बोलर साडेसात मीटरवरून हात खालून आणून चेंडू टाकते. फलंदाज मारते आणि बॅट हातात धरूनच पोस्टना वळसा घालत पळते. चांगला चेंडू एकच मिळतो. लागो न लागो, पळायचंच. बॅट लांबीला ४६ सेंटीमीटरच्या वर चालत नाही, घेर १७ सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे जवळपास आपला दांडूच.

आता मुद्दा. ज्या मुलींना मारायला जमत नाही त्यांच्या हातात टेनिसची रॅकेट द्यायची पद्धत आहे. ही पद्धत बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं.

गेल्या मे महिन्यातली एक मुलगी सांगते. बारा वर्षांची. रॅकेटने तिचा चेंडू दुसऱ्या पोस्टच्या वरून जायचा. तीन आठवड्यांनी बॅट दिली आणि सलग सात चेंडू हुकले. तिने बॅट गवतावर ठेवली आणि म्हणाली, "मिस, मला रॅकेटच द्या ना." तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या पायांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुटांची टोकं बोलरकडे. कोपर पोटाला चिकटलेलं. ती चेंडू मारत नव्हतीच, नुसता ढकलत होती आणि बाकीचं काम जाळी करत होती. तीन आठवडे चूक डोळ्यांसमोर होती, पण चेंडू लांब जात होता म्हणून मला दिसली नाही.

आता मी बॅट पहिल्या दिवसापासून तीच ठेवते आणि चेंडू सोपा करते. जोडीदारीण तिरकं पुढे, बॅटच्या टप्प्याबाहेर गुडघ्यावर बसते आणि मऊ चेंडू अलगद उडवते. मग तीन मीटर, मग पाच, मग साडेसात. उजव्या हाताच्या मुलीचा डावा खांदा बोलरकडे, बॅट मागे वर, पुढचा पाय टाकला की फटका, आणि चेंडू पुढच्या पायाच्याही जरा पुढे गाठायचा. विटीदांडू शिकताना आपल्याला कुणी रुंद पाटी दिली नव्हती. हुकत हुकतच टोला बसायला लागला.

सातारी_मास्तर:
ताई, नाही पटलं. मी बर्मिंगहॅममध्ये चौदा वर्षं हेच शिकवतोय.

विटीदांडूचा दाखला इथे लागू होत नाही. आपण गल्लीत संध्याकाळभर खेळायचो. शंभरदा हुकलं तरी बघायला चार भावंडं. इथे पन्नास मिनिटांचा तास, त्यातली पंधरा कपडे बदलण्यात जातात, आणि हुकलेला प्रत्येक चेंडू अठ्ठावीस जण बघतात. ज्या मुलीचे सात चेंडू हुकतात ती पुढच्या आठवड्यात "किट विसरले" म्हणते आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात आईची चिठ्ठी आणते. मग तिचे पाय कुठे होते हे बघायची संधीही आपल्याला मिळत नाही.

रॅकेट हा शेवट नाही, पहिली पायरी आहे. मी दोन तास रॅकेट देतो, तीही आखूड धरायला लावून. मग प्राथमिक शाळांत मिळते तशी चपटी बॅट, मग गोल. तुमच्या त्या मुलीचं बिनसलं ते रॅकेटमुळे नाही, मधली पायरी गाळल्यामुळे. आणि पाय तर रॅकेट हातात असतानाही बघता येतात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

नेटप्रॅक्टिस:
दोघांचीही तळमळ पोचली, पण मुळात राउंडर्स कशाला? २०१६ साली जी.सी.एस.ई.चा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, नवा पी.ई. अभ्यासक्रम आला तेव्हा प्रात्यक्षिकाच्या यादीतून हा खेळ गेला. क्रिकेट त्या यादीत आहे. इथल्या शाळांत वर्षानुवर्षं मुलांना क्रिकेट आणि मुलींना राउंडर्स अशी वाटणी होती, आणि ती मला डाचते. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना भारताला सलामी देते, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, आणि इथे माझी भाची आखूड दांडका घेऊन उभी. तोच वेळ तिला सरळ बॅटने खेळायला शिकवण्यात घाला.

मैदानवाली:
@नेटप्रॅक्टिस, मुलामुलींच्या वाटणीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे आता दोन्ही खेळ दोघांना आहेत. पण गुण मिळत नाहीत म्हणून खेळ टाकायचा हे मान्य नाही. अकरा ते चौदा वयाच्या मुलांसाठी इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सांघिक खेळांची जी उदाहरणं दिली आहेत त्यात क्रिकेटही आहे, राउंडर्सही.

शिवाय सरळ बॅट इथे कामाची नाही. चेंडू टप्पा न पडता गुडघा ते डोकं यांच्यामध्ये येतो, त्यामुळे बॅट आडवीच फिरवावी लागते. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त अडखळतात ती क्लबात क्रिकेट खेळणारी मुलं. बॅट जमिनीजवळ धरून उभी राहतात आणि छातीच्या उंचीच्या चेंडूला उशीर होतो.

आठवीची_आई:
मी शिक्षिका नाही. मुलीच्या शाळेचं मैदान आमच्या खिडकीतून दिसतं, म्हणून लिहिते. एका दुपारी मी मोजलं. पूर्ण तासात तिला मारायला चार चेंडू मिळाले. बाकी वेळ ती रांगेत, नाहीतर लांब कडेला गवत उपटत बसलेली. चारपैकी एक लागला. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला बॅटिंग येत नाही."

चार चेंडूंत कुणाला काय येणार? बॅट की रॅकेट या वादापेक्षा मला त्या रांगेचं जास्त वाईट वाटलं. पोळी लाटायला शिकवताना मी तिला आठवड्यातून चार गोळे दिले असते, तर पोळी कधी गोल झाली असती?

गॅप_शोधा:
ताईंचं खरं आहे, पण नुसते चेंडू वाढवूनही भागत नाही. मैदानवालींच्या अगदी शेजारी, लफबरो विद्यापीठात, बंकर आणि थॉर्प यांनी १९८२ साली हेच मांडलं: आधी खेळ समजू द्या, तंत्राची गरज मुलांना खेळातूनच कळते. तुम्ही गुडघ्यावर बसून चेंडू उडवता तेव्हा पुढे क्षेत्ररक्षक कुठे असतात? नसतातच. मग मुलगी मारायला शिकते, कुठे मारायचं ते शिकत नाही.

मी चार विरुद्ध चार खेळवतो, लहान मैदानावर. दोन फेऱ्यांनी थांबवून एकच प्रश्न विचारतो: "रिकामी जागा कुठे होती?" पहिला पोस्ट फलंदाजाच्या उजवीकडे. तिकडे चेंडू गेला की ती पोचायच्या आत पोस्टला चेंडू लागतो आणि ती बाद होते. डावीकडे खोल, दुसऱ्या-तिसऱ्या पोस्टच्या मधून गेला तर पळायला वेळ मिळतो. हे उमगलं की मुलं आपणहून विचारतात, डावीकडे कसा मारू? तेव्हा सांगायचं की चेंडू जरा लवकर, पुढे गाठ. मारलेला चेंडू फलंदाजाच्या मागच्या बाजूला गेला तर पहिल्या पोस्टवरच अडकून राहावं लागतं, हेही तेव्हाच डोक्यात बसतं.

आणि सोडणं! डोक्यावरून किंवा अंगावर आलेला चेंडू नोबॉल असतो, तो मारायची सक्ती नाही. घाबरलेली मुलगी प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवते. सोडायचं कळलं की तिचे निम्मे हुकलेले फटके आपोआप कमी होतात. रांगेत उभं करून हे कसं शिकवाल?

सातारी_मास्तर:
सोडण्याचा मुद्दा एकदम बरोबर. पण ज्या मुलीची बॅट चेंडूला लागतच नाही तिला रिकामी जागा विचारून काय उपयोग? तिला उत्तर माहीत असतं. चेंडू तिथे पाठवता येत नाही, हेच तिचं दुखणं.

मैदानवाली:
आठवीची आई, तुमचे ते चार चेंडू वाचून मी माझ्या कालच्या तासाचा हिशोब केला. जोड्या असूनही सहाच बॅट बाहेर काढल्या होत्या, म्हणजे एकावेळी सहाच मुली मारत होत्या. कपाटात आणखी आठ पडून आहेत.

गॅप_शोधा, शेवटची पंधरा मिनिटं मी चार विरुद्ध चारला देईन, सोडण्यासकट. पण सुरुवातीची दहा मिनिटं जोडीने सराव राहणारच. तिथे सातारी सरांशी माझं जुळतं: आधी लागायला हवा. आणि सर, तुमची चपटी बॅट मी दोन मुलींना देऊन बघते. रॅकेट मात्र देणार नाही.

सातारी_मास्तर:
चपटी देताना रुंद बाजू चेंडूकडे आहे ना ते बघा. मनगट वळलं की कड समोर येते. मी त्या बाजूला खडूने रेघ मारून देतो. आणि दोन आठवड्यांनी त्या दोघी गोल बॅटवर कशा खेळतात ते इथेच लिहा. माझं मत बदलायचं असेल तर त्यानेच बदलेल.