जादू जोखमीची असावी, पण जोखीम उचलायची कोणी?

पारिजातक

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांनी गोष्ट खेळायची, असा आमचा खेळ. गेल्या महिन्यात त्यातली विझार्ड, म्हणजे मांत्रिक, मेली. दीड वर्ष खेळलेलं पात्र. समोर राक्षस नव्हता, घाई नव्हती. अंधाऱ्या जिन्यावर उजेड पाडायचा साधा मंत्र म्हणताना फासा एकवर पडला, दुर्घटनांच्या तक्त्यात नको तो आकडा आला आणि खेळ संपला. ते पात्र खेळणारी मैत्रीण काही बोलली नाही, वही मिटून बसून राहिली. ते नियम मी लिहिले होते, म्हणून हा धागा.

जादू धोकादायक असावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळात मंत्र पाठ करायचा, वापरला की तो डोक्यातून पुसला जायचा. त्यात काटकसर आहे, हिशेब आहे. भीती मात्र नाही. मला भीती हवी आहे. पण धोका खेळाडूने स्वतः ओढवून घेतलेला असावा.

डंजन क्रॉल क्लासिक्समधला (२०१२) स्पेलबर्न मला यासाठीच आवडतो. मंत्राचा फासा टाकण्याआधी विझार्ड आपली ताकद, चपळाई किंवा दमसास जाळतो. जितके गुण जाळले तितके फाशात मिळवायचे. शॅडोरनच्या चौथ्या आवृत्तीत आपल्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा मंत्र टाकता येतो, पण मग नुसता थकवा येत नाही, खरी इजा होते. दोन्हीकडे टेबलावर एक क्षण शांतता पसरते आणि सगळे त्या एका खेळाडूकडे बघतात. मला तो क्षण हवा आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला (२०१४) वाइल्ड मॅजिकचा सॉर्सरर, म्हणजे बेभान जादूचा मांत्रिक, याच्या उलट. मंत्र टाकून झाल्यावर डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मर्जीने वीस बाजूंचा फासा, एक आला तर शंभराचा तक्ता, आणि त्यातल्या एका निकालात आगीचा गोळा स्वतःवरच फुटतो. यात खेळाडूने ठरवलं काय?

काळा फासा

पूर्ण असहमत. आधी कळलेली, आपण होऊन मोजलेली किंमत ही किंमतच असते, तिला जोखीम म्हणू नये. तुमचा स्पेलबर्न घ्या. तीन गुण दिले, तीन मिळाले, मग रोज एकेक परत येतो. तीन-चार दिवस आराम केला की उधारी फिटली. बाजारहाटात जितकी भीती असते तितकीच त्यात आहे.

खरी भीती पाहायची तर वॉरहॅमर फँटसी रोलप्लेची दुसरी आवृत्ती (२००५) खेळा. मंत्रासाठी दहा बाजूंचे फासे टाकायचे. दोन फाशांवर सारखा आकडा आला की जादू हाताबाहेर जाते, तीन सारखे आले तर मोठं संकट, चार आले तर अनर्थ. दोन फाशांत जोडी पडण्याची शक्यता १० टक्के, तीन फाशांत काही ना काही जुळण्याची २८, आणि चार फाशांत जवळजवळ निम्मी. माणूस जितका मोठा मांत्रिक, तितका तो कड्याच्या टोकाशी उभा. जगाबद्दल ही व्यवस्था किती काय सांगून जाते! गावकरी मांत्रिकाला का घाबरतात, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि सॉर्सररवर तुम्ही अन्याय करताय. टाइड्स ऑफ केऑस ही एका फाशापुरता फायदा देणारी त्याची शक्ती. ती वापरायची की नाही हे खेळाडूच ठरवतो. वापरली, की पुढच्या मंत्राला डीएम थेट तक्ता काढायला लावू शकतो. फाटक तोच उघडतो.

पारिजातक

टाइड्सचं बरोबर आहे, ते लिहायला हवं होतं. पण वॉरहॅमरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. चार फासे टाकायची कुवत असली तरी तिथे दोनच टाकता येतात. साध्या कामाला दोन, जिवावर बेतलं की चार. तो आकडा खेळाडूच्याच हातात असतो. माझ्या नियमात ती सोय नव्हती. जिन्यावरच्या उजेडाला आणि वादळ बोलावण्याला एकच फासा, एकच तक्ता. चूक तिथे झाली.

तळटीप

आकडेमोड करूया, कारण नियम लिहिताना ती बहुतेकदा राहून जाते. समजा मंत्रामागे मरणाची शक्यता फक्त १ टक्का ठेवली. कागदावर क्षुल्लक वाटते. पण लांबलचक कॅम्पेनमध्ये, म्हणजे त्याच पात्रांनी बैठकीमागून बैठक चालणाऱ्या गोष्टीत, पात्र ३०० मंत्र टाकत असेल तर त्यातून जिवंत राहण्याची शक्यता साधारण ५ टक्के उरते. शत्रूचा जादूगार एका प्रसंगापुरता येतो, पाच-सहा मंत्र टाकतो आणि मरतो किंवा पळतो. त्याला हा नियम जाणवतही नाही. 'नियम सगळ्यांना सारखा' म्हणत खेळाडूच्या पात्रालाच आपण घाण्याला जुंपतो. म्हणून आधी 'किती टक्के' विचारू नका, 'किती वेळा' ते विचारा.

काळा फासा

हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. तक्त्यातून मरण काढा, फासा काढू नका. डोळ्यांचा रंग बदलू दे, सावली उशिरा हलू दे, जनावरं जवळ येईनाशी होऊ देत. ३०० मंत्रांनंतर ते पात्र माणसात बसवता येऊ नये. मेलेल्या पात्राची गोष्ट थांबते, बिघडलेल्या पात्राची पुढे जाते.

सहावा भिडू

तुम्ही सगळे विझार्डच्या खुर्चीत बसून बोलताय. मी वर्षानुवर्षं तलवारवाला खेळतोय. विझार्ड धोका 'ओढवून घेते' तेव्हा तिच्या शेजारी मी उभा असतो. आगीचा गोळा स्वतःवर फुटतो म्हणे. वीस फुटांच्या परिघात अजून कोण असतं? मला कोणी विचारलेलं नसतं. शिवाय मंत्र साधला तर कौतुक तिचं, फसला तर जखमा सगळ्यांच्या. पारिजातक, तुमचा तो शांत क्षण मलाही आवडतो, पण त्या क्षणी मला नुसतं बघत बसायचं नाही. हात पुढे करून 'थांब' म्हणता आलं पाहिजे, किंवा तिचा थोडा भार माझ्या अंगावर घेता आला पाहिजे. मग जखम झाली तरी तक्रार नाही.

चांदणभूल

कॉल ऑफ क्थुलूचा (१९८१) उल्लेख कोणीच कसा केला नाही? तिथे मंत्र म्हटला की सॅनिटी, म्हणजे पात्राचं डोकं किती ठिकाणावर आहे तो आकडा, जाते. स्फोट नाही, शिंगं फुटत नाहीत. आकडा खाली सरकत जातो आणि तो पुन्हा पूर्ण भरेल याची खात्री नसते. मला याहून जास्त भीती कशाचीच वाटलेली नाही, आणि शेजारच्या तलवारवाल्याचे केसही जळत नाहीत.

पारिजातक

सहावा भिडू यांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. नवा मसुदा असा: छोट्या मंत्रांना फासा नाही. मोठ्या मंत्राला एक ते चार फासे, किती ते खेळाडू ठरवणार. जोडी पडली तर कायमची खूण, मरण नाही. आणि फासे हातातून सुटण्याआधी शेजारच्या कोणालाही आपलं रक्त देऊन एक फासा कमी करून घेता येईल. तीन फाशांचे दोन झाले की २८ चे १० टक्के होतात. रक्त द्यावंसं वाटायला एवढा फरक पुरे.

काळा फासा

हे खेळायला मी येईन. एकच विनंती, तक्ता आधी दाखवू नका. कोणती खूण उमटणार हे तरी अंधारात राहू दे.

पारिजातक

नाही, दाखवणार. त्या मैत्रिणीने नवं पात्र करायला घेतलंय, पुन्हा विझार्डच. वही उघडल्यावर तिने सगळ्यात आधी तक्ताच मागितला.