मदत हवी आहे : ओ-रिंगेनसाठी सराव कसा आणि किती वेळेचा करावा?

नमस्कार मंडळी. मी स्वीडनमध्ये राहतो आणि येत्या जुलैत ओ-रिंगेन या पाच टप्प्यांच्या ओरिएंटिअरिंग (नकाशा व होकायंत्राच्या आधारे ठरलेले बिंदू क्रमाने शोधत धावण्याच्या) स्पर्धेत 45 वर्षांवरील गटात उतरण्याचा विचार करीत आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

जागतिक पातळीवर स्प्रिंटचा, म्हणजे सर्वांत कमी अंतराच्या शर्यतीचा, विजेता 12 ते 15 मिनिटांत, मध्यम अंतराचा 30 ते 35 मिनिटांत आणि लांब अंतराचा पुरुष विजेता साधारण 90 ते 100 मिनिटांत पोहोचेल, अशा बेताने मार्ग आखले जातात. हा हिशेब अर्थात अव्वल धावपटूंचा झाला. वयोगटाचे मार्ग आखूड असले, तरी माझ्यासारख्याने विजेत्याच्या दुप्पट वेळ लागेल असे धरून दम वाढवावा का?

डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर मी तासाभरात सहज धावतो. इथल्या जंगलात मात्र शेवाळाने झाकलेले धोंडे आणि घोट्यापर्यंत रुतणारी दलदल असते, आणि अंगठ्याने नकाशावरची जागा धरून धावताना 5 मीटर उंचीफरकाच्या समोच्चरेषा वाचायच्या असतात. धाप लागली की नेमके हे वाचनच चुकते, आणि मग एकेक नियंत्रणबिंदू (नकाशावर दाखवलेली, गाठायची जागा) शोधण्यात दहा मिनिटे सहज जातात. म्हणून धावण्यापेक्षा नकाशावाचनाचा सराव अधिक करावा, असे माझे मत होत चालले आहे. तुमचा अनुभव काय सांगतो?

शिवाय लागोपाठच्या टप्प्यांमध्ये पाय ताजे राहावेत यासाठी आधीच्या महिन्यांत सलग दोन-तीन दिवस जंगलात धावणे योग्य ठरेल का, हेही कृपया सांगावे.