मदत हवी आहे: सामाईक सेप्टिक टँकची परवानगी आणि देखभाल कोणाकडे असावी?

आमच्या वसाहतीतील सर्व घरांचे सांडपाणी एकाच सेप्टिक टँकमध्ये जाते आणि तेथून शोषखड्ड्यात उतरते. टाकी एका रहिवाशाच्या भूखंडात आहे, शोषखड्डा सामाईक जागेत आहे, आणि मूळ परवानगी मात्र घरे बांधणाऱ्या विकासकाच्याच नावावर असून तो केव्हाच हात झटकून मोकळा झाला आहे. अलीकडे शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाऊस नसतानाही ओलसर राहते, आणि झाकण उघडले तेव्हा बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी तेलकट साय दाटलेली दिसली.

तळाचा गाळ टाकीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापण्याआधी, म्हणजे साधारणपणे ३ ते ५ वर्षांनी, उपसा व्हायला हवा, याबद्दल कोणाचे दुमत नाही. घोडे अडते ते पैशांपाशी आणि सहीपाशी. ज्यांच्या भूखंडात टाकी आहे त्यांच्यावरच सारा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण सांडपाणी सगळ्यांचे आहे आणि गळती होऊन विहिरीचे पाणी दूषित झाले तर झळही सगळ्यांनाच बसेल.

रहिवाशांची नोंदणीकृत संस्था नसल्यास परवानगी कोणाच्या नावे करून घ्यावी? खर्चाची वाटणी घरटी समान असावी, की वापरानुसार? भूखंड विकला गेला तरी टाकीपर्यंत जाण्याचा हक्क अबाधित राहावा यासाठी करारात नेमके कोणते कलम असावे? असा लेखी करार ज्यांनी प्रत्यक्षात केला आहे, त्यांनी त्याचा मसुदा दाखवल्यास फार उपकार होतील.