हाजी स्पेनमध्ये फसला, हे म्हणायला एवढे का कचरता?

मधली_फळी
नव्वदच्या दशकातल्या फुटबॉलमधल्या दहा नंबरवाल्यांचा, म्हणजे आक्रमण रचणाऱ्या मिडफिल्डरांचा, विषय निघाला की रोमानियाच्या ग्योर्गे हाजीचं नाव येतंच. पण "क्लबकडून काय केलं?" असं विचारलं की मंडळी अंगावर येतात. म्हणून हा वेगळा धागा.

1990 ला रियाल माद्रिद. दोन वर्षं, लीगचे 64 सामने, 16 गोल, लीग एकदाही नाही. मग इटलीत ब्रेशिया. पहिल्याच वर्षी टीम खालच्या डिव्हिजनला. 1994 ला बार्सिलोना. पुन्हा दोन वर्षं, पुन्हा लीग नाही. दोन्हीकडे मिळून हाताला लागले ते एकेक स्पॅनिश सुपर कप. रियाल आणि बार्सा दोन्ही मिळूनही चार वर्षांत एक लीग जिंकता आली नाही, तर नुसत्या नशिबाला किती दोष देणार?

आणि कृपया 1994 च्या वर्ल्डकपातला कोलंबियाविरुद्धचा गोल चिकटवू नका. सगळ्यांनी पाहिलाय.

डावखुरा
चिकटवत नाही, पण सांगतो. पहाटे पाचला उठून पाहिलेली मॅच आहे ती. डाव्या बाजूला, जवळजवळ टचलाइनपाशी बॉल मिळाला. तिथून कुणीही क्रॉसच टाकेल. गोलकीपर कॉर्दोबा चार पावलं पुढे आलाय हे यानं कधी पाहिलं देव जाणे. बॉल त्याच्या डोक्यावरून थेट आत. त्याच वर्ल्डकपात अर्जेंटिनाला 3-2 ने घरी पाठवलं. हा माणूस फसला म्हणे!

मधली_फळी
अहो, मी क्लबबद्दल विचारतोय. वर्ल्डकप म्हणजे एक महिना.

बुखारेस्ट_एक्सप्रेस
धागाकर्त्यांनी सुरुवात 1990 पासून केली, तिथेच गोम आहे. हाजी तेव्हा 25 वर्षांचा होता. डिसेंबर 1989 ला कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळेपर्यंत रोमानियाच्या खेळाडूला आपल्या मर्जीनं बाहेर जाताच येत नव्हतं. देशातसुद्धा काय होतं? स्पोर्टुल स्टुडेंत्सेस्क या क्लबकडून खेळत होता. स्तेआवा, म्हणजे लष्कराचा क्लब, त्यांनी फेब्रुवारी 1987 मध्ये डायनामो कीवविरुद्धच्या युरोपियन सुपर कपसाठी, एका मॅचपुरता मागून घेतला. त्यानं त्या मॅचमधला एकमेव गोल मारला आणि स्तेआवानं तो परत दिलाच नाही. आयुष्यातली पहिली मोठी बदली अशी. 1989 ला हीच टीम युरोपियन कपच्या फायनलला गेली, तिथे मिलाननं 4-0 धुतलं ते सोडा.

शिवाय तेव्हा स्पेनमध्ये एका वेळी तीनच परदेशी मैदानात. युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवरची ही मर्यादा उठवणारा कोर्टाचा बॉसमन निकाल डिसेंबर 1995 चा. बार्सिलोनात हाजी गेला तेव्हा कूमान, स्टॉइचकॉव्ह, रोमारिओ आधीच बसलेले. तुम्ही कुणाला बाहेर ठेवला असता?

मधली_फळी
बरं झालं स्टॉइचकॉव्हचं नाव तुम्हीच काढलंत. तोही कम्युनिस्ट बल्गेरियातून आला. तोही 1990 लाच आला. हाजीपेक्षा एक वर्षानं लहान. कोटा त्यालाही तोच. त्यानं बार्सिलोनात सलग चार लीग आणि 1992 चा युरोपियन कप जिंकला. मग राजवट आणि नियम ही कारणं एकालाच कशी लागू पडतात?

कट्ट्यावरचा_कोच
कारण एकाला बार्सिलोनाचा कोच क्रायफ मिळाला आणि दुसऱ्याला म्युझिकल चेअर. रियालमध्ये पहिल्याच सीझनला कोच टोशॅक गेले, डी स्टेफानो आले, मग अँटिच. दुसऱ्या सीझनला टीम टेबलमध्ये पहिली असताना अँटिचना काढलं. पहिली असताना! शेवटच्या दिवशी तेनेरिफे क्लबच्या मैदानावर रियाल 2-0 पुढे, दुसरा गोल हाजीचा, लांबून. मॅच 3-2 हरले आणि लीग एका पॉइंटनं बार्सिलोनाला. त्या दिवशी बचावफळी जरा भानावर असती तर आज हा धागाच निघाला नसता.

मधली_फळी
तेनेरिफे मान्य. पण 1994 नंतर त्यालाही क्रायफच मिळाला ना?

कट्ट्यावरचा_कोच
मिळाला, पण घर फिरल्यावर. मे 94 मध्ये अथेन्सला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये मिलाननं बार्साला चार मारले. त्यानंतर झुबिझारेटा गेला, लाउड्रप थेट माद्रिदला गेला, जानेवारी 95 मध्ये रोमारिओ गेला. तुमचा स्टॉइचकॉव्हसुद्धा 1995 ला पार्माला गेला बरं का. 96 ला खुद्द क्रायफला काढलं.

कडक_रेफरी
तुम्ही दोघं कोच आणि कोट्यावर भांडा. माझा आक्षेप डोक्यावर आहे, हाजीच्या. 2000 चा युएफा कप फायनल, कोपनहेगन, हाजी गालातासरायकडून, समोर आर्सेनल. एक्स्ट्रा टाइम सुरू होऊन चार मिनिटं झालेली. आर्सेनलच्या टोनी ॲडम्सशी झटापट, मागून ठोसा, रेड कार्ड. पस्तिशीतला माणूस! महिनाभरात युरो 2000. पिवळ्या कार्डांमुळे इंग्लंडविरुद्ध बाहेर आणि रोमानियानं त्याच्याविना 3-2 जिंकली. पुढची मॅच इटलीशी, खोटं पडल्याबद्दल दुसरं पिवळं. देशासाठीची शेवटची मॅच अशी संपली. टीम पेचात असताना हे असलं खपवून घ्यायचं कारण काय?

बॉस्फोरस_काठ
रेफरीसाहेब, रेड कार्डाचं समर्थन नाही. पण त्या फायनलपर्यंत गालातासरायला आणलं कुणी? 1996 ला तो इस्तंबूलला गेला तेव्हा 31 चा. सगळे म्हणाले, आता पेन्शन खाणार. सलग चार लीग जिंकल्या, लीगच्या 132 सामन्यांत 59 गोल. मिडफिल्डरचे! आणि तुर्की लीग दुबळी म्हणणाऱ्यांसाठी: त्या वर्षी वाटेत बोलोन्या, डॉर्टमुंड, मायोर्का, लीड्स असे सगळे गारद झाले. फायनलला दहा जणांनी तग धरला, बुलेंट कोर्कमाझ खांदा निखळलेला असताना खेळत राहिला, आणि शूटआउटमध्ये आर्सेनलच्या शुकरचा पोस्टला, व्हिएराचा बारला. शेवटची पेनल्टी पोपेस्कूनं मारली, तोही रोमानियन. तुर्कस्तानच्या क्लबचा युरोपातला पहिलाच कप. ऑगस्टमध्ये सुपर कपला हरवलं कुणाला? रियाल माद्रिदला.

गंमत म्हणजे 1989 ला सेमीफायनलमध्ये स्तेआवानं बाहेर काढलेली टीम हीच, गालातासराय.

डावखुरा
ब्रेशियाबद्दल कुणीच बोलेना. टीम खाली गेल्यावर तो सोडून गेला नाही. सेरी बी खेळला आणि परत वर घेऊन आला. वर्ल्डकपला आला तो थेट सेकंड डिव्हिजनमधून.

मधली_फळी
इस्तंबूलला माझा विरोध नव्हताच, शीर्षक पुन्हा वाचा. 1994-95 च्या पडझडीचा मुद्दा धरतो. पण 90 ते 92 मध्ये कोच स्टॉइचकॉव्हला चांगला मिळाला म्हणून हाजीचं माद्रिद माफ, हे मला पटत नाही. कोच बदलले तसे रियालच्याच बुत्रागेन्योसाठीही बदलले.

कट्ट्यावरचा_कोच
मग त्या दोन वर्षांत बुत्रागेन्योनं तरी कुठली लीग जिंकली?